अनाहूत टपाल आणि त्याचें नियमन

दळणवळणाचें कोणतेंही नवें साधन निघालें म्हणजे प्रथम त्याचा उपयोग सज्जन करितात, आणि त्यांच्या पाठोपाठ, पुष्कळदां त्यांच्याहूनही अधिक उत्साहानें, लोभी व लबाड लोक करूं लागतात. रस्ते झाले तेव्हां त्यांवरून व्यापारी चालूं लागले आणि त्यांच्या मागून वाटमारेही आले. छापखाने निघाले तेव्हां धर्मग्रंथ छापले गेले आणि खोट्या औषधांच्या जाहिरातीही छापल्या गेल्या. आज आपण सर्व जण वापरीत असलेल्या ई-मेलची गोष्ट याहून निराळी नाहीं. ज्या पेटींत शिक्षकांची सूचना, मित्राचा निरोप किंवा महाविद्यालयाचें प्रवेशपत्र यावयाचें, तिच्यांत न मागितलेलीं, अनोळखी आणि पुष्कळदां खोटीं अशीं पत्रें रोज येऊन पडतात. अशा पत्रांस इंग्रजींत 'स्पॅम' म्हणतात. आम्ही या लेखांत त्यांस अनाहूत टपाल म्हणूं. हें टपाल उत्पन्न कसें झालें, तें बंद कां होत नाहीं, आणि त्यास आळा घालण्यासाठीं यंत्रांनीं व कायद्यांनीं आजवर काय केलें, या तीन प्रश्नांचा विचार येथें क्रमानें करावयाचा आहे.

विषय नीट समजण्यासाठीं प्रथम कागदी टपालाच्या इतिहासाकडे थोडें वळलें पाहिजे. इंग्लंडांत १८४० पूर्वीं पत्राचें हशील बहुधा पत्र घेणारापासून वसूल होत असे, व तें अंतराप्रमाणें वाढे. रोलंड हिल या सुधारकाच्या खटपटीनें १८४० सालीं ती पद्धति बदलली. पाठविणारानें एक पेनीचें तिकीट लावावें आणि पत्र देशांत कोठेंही जावें, असा नियम झाला. आपल्या देशांतही १८५४ सालीं तीच रीत आली, आणि हलकें पत्र अर्ध्या आण्याच्या तिकिटावर मुंबईहून कलकत्त्यास जाऊं लागलें. या सुधारणेनें टपाल स्वस्त झालें हें सर्वांस ठाऊक आहे. पण तिच्यांत आणखी एक तत्त्व होतें, तिकडे आपलें लक्ष जात नाहीं. खर्च पाठविणारानें सोसावा, हें तें तत्त्व. ज्यास हजार लोकांस पत्रें पाठवावयाचीं, त्यास हजार तिकिटें विकत घ्यावीं लागतात; म्हणून आपलें पत्र कोणास हवें आणि कोणास नको, याचा तो थोडा तरी विचार करितो. तिकिटानें सरकारास उत्पन्न मिळतें, तसाच पाठविणाराच्या हातास लगामही बसतो.

ई-मेलमध्यें हा लगाम राहिला नाहीं. १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन या अभियंत्यानें एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत पहिलें पत्र पाठविलें, आणि नांव व ठिकाण यांच्या मध्यें आज सर्वपरिचित असलेलें 'ॲट' हें चिन्ह घातलें. त्या वेळीं जाळ्यावर थोडेसे संशोधक होते व ते बहुतेक एकमेकांच्या माहितीचे होते. त्यामुळें दारास कडी लावण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. पुढें जाळें जगभर पसरलें, परंतु दार तसेंच उघडें राहिलें. एक पत्र पाठविण्यास आणि दहा लाख पत्रें पाठविण्यास येणाऱ्या खर्चांत फारसें अंतर उरलें नाहीं. पत्रें साठविण्याची जागा, तीं वाहून नेणारीं यंत्रें, आणि तीं पाहून फेकून देण्यांत जाणारा वेळ, हा सारा भार घेणाराच्या व मधल्या टपालवाहकाच्या माथीं बसला. म्हणजे एका अर्थीं रोलंड हिलच्या पूर्वींचा काळ पुन्हा आला. फरक इतकाच कीं, पूर्वीं घेणारास हशील न भरतां पत्र परत करतां येत असे. आतां तें त्याच्या पेटींत आधींच येऊन पडलेलें असतें.

'स्पॅम' या नांवाची कथाही मनोरंजक आहे. हॉर्मेल नांवाच्या अमेरिकन कंपनीनें १९३७ सालीं डबाबंद मांसाचा एक प्रकार या नांवानें विकण्यास काढला. १९७० सालीं बी.बी.सी.वर मॉन्टी पायथन या विनोदी नटमंडळीनें एक प्रवेश केला. त्यांत एका खाणावळींतील जवळ जवळ प्रत्येक पदार्थांत हेंच मांस असतें, आणि त्याच्या नांवाचा गजर इतका वाढतो कीं कोणास कोणाचें बोलणें ऐकूं येत नाहीं. संगणकाच्या जाळ्यावर एकच मजकूर पुन्हा पुन्हा ओतून इतरांचें बोलणें बुडवून टाकणाऱ्या लोकांस उद्देशून हा शब्द वापरला जाऊं लागला, आणि तो रूढ झाला.

संकटाची चाहूल मात्र फार लवकर लागली होती. नोव्हेंबर १९७५ मध्यें जॉन पोस्टेल या संशोधकानें नको असलेल्या टपालाच्या प्रश्नावर एक टिपण लिहिलें, आणि जाळ्यावरील संगणकास नको असलेला संदेश निवडून नाकारण्याची सोयच नाहीं, हें दाखवून दिलें. तीन वर्षांनीं त्याचा प्रत्यय आला. ३ मे १९७८ रोजीं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थ्यूर्क नांवाच्या विक्री-अधिकाऱ्यानें आपल्या नव्या संगणकांचें प्रात्यक्षिक पाहावयास या, असें आमंत्रण सुमारें ४०० जणांस एकदम पाठविलें. पत्ते छापील पुस्तकांतून घेऊन हातानें टंकले होते. तें जाळें, म्हणजे 'आर्पानेट', अमेरिकेच्या संरक्षण खात्याचें होतें. तेथें व्यापारी जाहिरात निषिद्ध होती. तक्रारी आल्या, अधिकाऱ्यांनीं कानउघाडणी केली. परंतु त्या पत्रामुळें पुष्कळ विक्री झाली, असें थ्यूर्क यानें पुढें सांगितलें. अनाहूत टपालाचा पुढचा सर्व इतिहास या दोन वाक्यांत सांठविलेला आहे: लोक रागावले, आणि माल खपला.

१९९४ सालीं दोन घटना घडल्या. जानेवारींत अमेरिकेंतील एका ख्रिस्ती विद्यापीठांत काम करणाऱ्या माणसानें प्रभु येशूचें आगमन जवळ आलें आहे, असा संदेश 'युजनेट' नामक चर्चामंडळांच्या जाळ्यावर सरसकट सर्व मंडळांत टाकला; मंडळ गणिताचें असो, संगीताचें असो वा पाककलेचें. एप्रिलमध्यें ॲरिझोना संस्थानांतील दोन वकिलांनीं अमेरिकेंत कायम राहण्याच्या परवान्याच्या सोडतीची जाहिरात अशाच रीतीनें हजारों मंडळांत टाकली. दुसऱ्या घटनेस दोष देणें सोपें आहे, कारण तिच्यांत धनलोभ होता. पण आम्हांस विद्यार्थ्यांचें लक्ष पहिल्या घटनेकडे वेधावयाचें आहे. मजकूर शुभ होता आणि हेतुही वाईट नसावा. तरी लोक चिडले, आणि त्यांचें चिडणें अयोग्य होतें असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. प्रकटीकरणाच्या पुस्तकांत स्वतः प्रभु दाराशीं उभा राहून ठोकतो, आणि आंतील माणसानें दार उघडण्याची वाट पाहतो. ज्यास सर्व अधिकार आहे तो जर दार ढकलून आंत येत नाहीं, तर त्याच्या सेवकांस ती मोकळीक कोणीं दिली? तेव्हां पत्र अनाहूत ठरतें तें त्यांतील मजकुरावरून नव्हे, तर घेणाराची संमति न विचारतां तें सरसकट धाडलें गेलें यावरून; ही व्याख्या पक्की लक्षांत ठेवावी.

आतां दुसरा प्रश्न: हें टपाल थांबत कां नाहीं? याचें उत्तर अंकगणितांत आहे. २००८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं अशा टपालाच्या एका मोठ्या यंत्रणेंत शिरून तिचा व्यवहार मोजला. २६ दिवसांत औषधांच्या जाहिरातीचीं सुमारें ३५ कोटि पत्रें गेलीं, आणि त्यांवरून खरेदीपर्यंत आलेलीं माणसें निघालीं अवघीं २८. म्हणजे सव्वा कोटि पत्रांमागें एक गिऱ्हाईक. तिकीट लावून हा धंदा कोणी एक दिवसही चालविला नसता. परंतु पत्रास खर्चच नाहीं म्हटल्यावर २८ गिऱ्हाइकेंही नफाच होत. मात्र त्या २८ जणांसाठीं उरलेल्या कोट्यवधि लोकांस आपला वेळ खर्चावा लागला. जस्टिन राव व डेव्हिड रायली या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं असा अंदाज प्रसिद्ध केला कीं, या टपालामुळें अमेरिकेंतील लोकांचें व संस्थांचें वर्षास सुमारें २० अब्ज डॉलरांचें नुकसान होतें, आणि तें पाठविणारांस साऱ्या जगांतून मिळतात सुमारें २० कोटि डॉलर. एक रुपया मिळविण्यासाठीं दुसऱ्याचे शंभर रुपये नासावयाचे, असा हा व्यवहार आहे. चोर निदान चोरलेली वस्तु तरी वापरतो; येथें बहुतेक सर्व नासाडीच आहे.

हें झालें पैशाचें. परंतु खरा भार याहून मोठा आहे. जगांतील एकूण ई-मेलपैकीं जवळ जवळ निम्में टपाल आजही अनाहूत असतें, आणि त्यांतील पुष्कळसें केवळ जाहिरातीचें नसून फसवणुकीचें असतें. आपण परदेशीं अडकलों आहों, थोडे पैसे पाठवा, सुटतांच संपत्तीचा वांटा देऊं, अशीं पत्रें युरोपांत एकोणिसाव्या शतकांतही येत. 'स्पॅनिश कैदी' या नांवानें तो डाव प्रसिद्ध होता. तोच डाव आतां ई-मेलनें खेळला जातो. बँकेच्या नांवानें गुप्त संकेतशब्द विचारणारीं पत्रें येतात, सोडत लागल्याचीं येतात, नोकरी देऊं करणारीं येतात. यांना बळी कोण पडतात? ज्यांस फसणें परवडत नाहीं तेच: एकटे राहणारे वृद्ध, नोकरीच्या शोधांत असलेले तरुण, आणि नुकतेंच वाचावयास शिकल्यामुळें छापील अक्षरावर अजून विश्वास ठेवणारे लोक. या विश्वासाला तडा गेला म्हणजे खरें पत्रही संशयानें पाहिलें जातें. हा भार कोणत्याही जमाखर्चांत मांडतां येत नाहीं.

तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे उपायांकडे, वळूं. पहिला उपाय काळ्या यादीचा. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी या अभियंत्यानें, आणि १९९८ पासून 'स्पॅमहाउस' या संस्थेनें, ज्या यंत्रांवरून असें टपाल येतें त्यांच्या याद्या ठेविण्यास आरंभ केला. यादींतील यंत्राकडून आलेलें पत्र इतर यंत्रें घेईनात. दुसरा उपाय पत्राची परीक्षा करण्याचा, आणि त्यांत अठराव्या शतकांतील एका धर्मोपदेशकाचें गणित उपयोगी पडलें ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस आवडेल. थॉमस बेझ हे इंग्लंडांत एका लहान मंडळीचे पाळक होते. ते १७६१ सालीं वारले, आणि संभाव्यतेवरील त्यांचा निबंध त्यांच्या पश्चात् १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच तत्त्वावर पत्रें निवडण्याची रीति १९९८ पासून संशोधकांनीं मांडली, आणि २००२ सालीं पॉल ग्रॅहम यांच्या एका निबंधानें ती लोकप्रिय केली.

ती रीति अशी. समजा, आपल्यापाशीं अनाहूत ५०० व चांगलीं ५०० पत्रें आहेत. 'बक्षीस' हा शब्द अनाहूतांपैकीं २०० पत्रांत व चांगल्यांपैकीं १० पत्रांत सांपडला. तर हा शब्द असलेलें नवें पत्र अनाहूत असण्याचा संभव २१० पैकीं २००, म्हणजे शेंकडा सुमारें ९५. येथेंच थांबल्यास आपल्या शाळेच्या बक्षीस-समारंभाचें आमंत्रणही केरांत जाईल. पण त्याच पत्रांत 'सहामाही' हा शब्द आहे, आणि तो अनाहूतांपैकीं २ व चांगल्यांपैकीं १०० पत्रांत आलेला आहे. पहिला शब्द अनाहूतपणाचा संभव वीसपट वाढवितो, दुसरा तो पन्नासपट घटवितो. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे अनाहूत व चांगलें यांचें प्रमाण २ ला ५ असें येतें. संभव शेंकडा सुमारें २९ वर उतरतो, आणि आमंत्रण वाचतें. यंत्र असे शेंकडों शब्द तोलून निवाडा करितें, आणि आपण दुरुस्त केलेल्या प्रत्येक निवाड्यावरून शिकत जातें.

तरी निवाडा चुकतोच. नको असलेलें पत्र पेटींत आलें तर क्षणभर त्रास होतो. पण एखाद्या गरीब मुलाचें शिष्यवृत्तीचें पत्र केरांत गेलें तर एक वर्ष जातें. शुभवर्तमानांतील गव्हाचा व निदणाचा दृष्टांत आपण सर्व जाणतों. निदण उपटण्याची घाई केल्यास त्याबरोबर गहूंही उपटला जाईल, ही त्या धन्याची चिंता आजच्या यंत्रकारांस रोज वाटते. म्हणूनच संशयित पत्र नष्ट न करितां निराळ्या कप्प्यांत ठेविण्याची चाल आहे, आणि तो कप्पा अधूनमधून उघडून पाहणें हें शहाणपणाचें आहे.

शत्रुही स्वस्थ बसला नाहीं. काळ्या यादींतून सुटण्यासाठीं त्यानें लोकांच्या घरच्या संगणकांत गुप्तपणें शिरून त्यांच्याकडूनच पत्रें पाठविण्यास आरंभ केला. हा आयत्या बिळावरचा नागोबा. बीळ दुसऱ्याचें, वीज दुसऱ्याची आणि बदनामीही दुसऱ्याची! अशा ताब्यांत घेतलेल्या यंत्रांच्या टोळ्या किती थोड्या हातांतून हलविल्या जातात हें ११ नोव्हेंबर २००८ रोजीं दिसून आलें. कॅलिफोर्नियांतील 'मॅकोलो' नांवाच्या एका कंपनीची जाळ्याशीं असलेली जोडणी तोडण्यांत आली, आणि जगांतील अनाहूत टपाल एकाएकीं निम्म्याहून कमी झालें. मात्र कांहीं महिन्यांतच तें पूर्वपदावर आलें.

आतां कायदे. यांत दोन पक्ष आहेत. एका पक्षाचें म्हणणें, पाठविणारानें पाठवावें, पण घेणारानें 'नको' म्हटल्यावर थांबावें. दुसऱ्याचें म्हणणें, घेणारानें आधीं 'हो' म्हटल्यावांचून पाठवूंच नये. अमेरिकेचा १६ डिसेंबर २००३ रोजीं संमत झालेला 'कॅन-स्पॅम' कायदा पहिल्या पक्षाचा आहे. त्यानें खोटें नांव व फसवा मथळा यांस बंदी केली, पाठविणाराचा टपालाचा पत्ता देणें आवश्यक केलें, आणि नकार मिळाल्यापासून कामाच्या १० दिवसांत पत्रें बंद करण्याचा नियम घातला. युरोपीय संघाचा २००२ चा निर्देश दुसऱ्या पक्षाचा आहे. आधींच्या गिऱ्हाइकांपुरती सवलत सोडल्यास तेथें पूर्वसंमति लागते. ऑस्ट्रेलियाचा २००३ चा कायदा आणि १ जुलै २०१४ पासून लागू झालेला कॅनडाचा कायदा हेही संमतीच्याच तत्त्वाचे आहेत. कॅनडांत संस्थेस १ कोटि डॉलरांपर्यंत दंड होऊं शकतो. आमच्या मतें दुसरा पक्ष न्यायास अधिक धरून आहे. शंभर लोकांनीं आपलें दार ठोठावावें आणि शंभरांसही आपणच उठून नकार द्यावा, यांत पहिल्या पक्षानें भार पुन्हा घरधन्यावरच टाकला आहे.

परंतु कठोर कायदा म्हणजे चांगला कायदा, असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानानें एका मोठ्या अपराध्यास ९ वर्षांची शिक्षा दिली होती. पण २००८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो कायदाच रद्द केला, कारण त्याच्या कक्षेंत निनांवी राजकीय व धार्मिक मतप्रदर्शनही येत होतें. आपल्या देशाचा अनुभव तर याहून बोलका आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें ६६ अ हें कलम आलें. त्रास देण्यासाठीं अथवा पत्र कोणाकडून आलें याविषयीं फसविण्यासाठीं पाठविलेला ई-मेल हा त्यानें अपराध ठरविला. पण त्याच कलमांत त्रासदायक, गैरसोयीचें असे सैल शब्द होते. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथें समाजमाध्यमावरील साध्या मतप्रदर्शनावरून दोन तरुणींस अटक झाली, तींत याच कलमाचा आधार घेण्यांत आला. चोर सोडून संन्याशास सुळीं, असा तो प्रकार होता. २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें श्रेया सिंघल खटल्यांत तें कलम घटनाबाह्य ठरविलें. शब्द सैल असले कीं कायदा दुष्टाच्या हातून निसटतो आणि निरपराध्याच्या गळ्यांत पडतो, हा त्यांतील बोध होय.

अनाहूत ई-मेलपुरता स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाहीं. दूरध्वनि व लघुसंदेश यांच्या बाबतींत मात्र दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१० व २०१८ सालीं नियम केले. १९०९ या क्रमांकावर कोणासही आपली नापसंती नोंदवितां येते, आणि व्यापारी संदेश पाठविणारांस आपलें नांव व मजकुराचा नमुना आधीं नोंदवावा लागतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यांत संमतीचें तत्त्व आलें आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

तरीही एका देशाचा कायदा दुसऱ्या देशांतील अपराध्याचे हात धरूं शकत नाहीं. जानेवारी २००४ मध्यें बिल गेट्स यांनीं दोन वर्षांत हा प्रश्न सुटेल असें भाकित केलें होतें. तें खरें ठरलें नाहीं. मग उपाय कोठें लागू पडतो? २०११ सालच्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, या टपालानें विकल्या जाणाऱ्या औषधें, नकली वस्तु व संगणक-प्रणाली यांपैकीं शेंकडा ९५ मालाचे पैसे अगदीं मोजक्या बँकांमार्फत वसूल होत होते. पत्रें कोटींनीं असतात, पण पैसे घेण्याचीं दारें थोडीं असतात. पहारा तेथें बसवावा. दुसरा मार्ग, पाठविणाराची ओळख पटविण्याचा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू या मोठ्या टपालवाहकांनीं मोठ्या प्रमाणावर पत्रें पाठविणारांस आपली ओळख सिद्ध करण्याची आणि एका कळीनें नांव वगळण्याची सोय देण्याची अट घातली आहे. गेलेला लगाम असा थोडाथोडा परत येत आहे.

विद्यार्थिमित्रहो, कायदा व यंत्र यांचें काम त्यांच्याकडे. आपल्याकडेही कांहीं काम आहे. आपला पत्ता जेथें तेथें लिहून देऊं नये. अनोळखी पत्रांतील दुवा उघडूं नये, व कोणासही संकेतशब्द कळवूं नये. बँकेचें म्हणून पत्र आलें तर त्यास उत्तर न देतां बँकेंत जाऊन विचारावें. आपल्या घरीं आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशेजारीं बसून त्यांचीं पत्रें पाहावींत, आणि त्यांच्या अज्ञानास न हंसतां समजावून सांगावें. ही सेवा लहान नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें: आपल्या हातून असें टपाल निघूं देऊं नये. दहा जणांस पुढें पाठवा म्हणजे पुण्य लागेल, न पाठविल्यास अनिष्ट होईल, असे संदेश पुढें ढकलणारा सुशिक्षित मनुष्य त्या धंदेवाईकाचाच बिनपगारी चाकर होय. आपणांस लोकांनीं जसें वागवावें असें वाटतें तसें लोकांस वागवावें, हा प्रभूचा नियम पत्र पाठविण्याच्या कळीसही लागू आहे. ती दाबण्यापूर्वीं, या पत्रास तिकीट लावावें लागलें असतें तर आपण तें पाठविलें असतें काय, इतकाच प्रश्न स्वतःस विचारावा.